मास्तरांनी तपासलेलं पाणी

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना परत पाठवण्यात मास्तरांचा हात धरणारा त्या इमारतीत कोणी नव्हता. जन्मभर धार न जाणारी कात्री, पाय चोळायचं यंत्र, कसलाही डाग घालवणारी पावडर, असं काय काय घेऊन माणसं जिना चढत आणि मास्तरांच्या दारावरून ते तसंच्या तसं घेऊन उतरत. मास्तर कधी ओरडत नसत. ते फक्त प्रश्न विचारत. धार जात नाही म्हणजे कशामुळे जात नाही? धातू कुठला? तपासला कोणी? तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता घड्याळ बघायला लागे. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली, त्यामुळे समोरच्याला उत्तर येईनासं झालं की निवृत्तीचं दुःख त्यांना घटकाभर कमी वाटे. शेजारपाजारचे तर अशा माणसांना सरळ सांगत, ‘आधी वर मास्तरांकडे जा. त्यांना पटलं तर आमच्याकडे या.’ घरोघरी कुत्रा पाळण्यापेक्षा हे पुष्कळच स्वस्त होतं.

पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा तो टायवाला आला तेव्हा मास्तर जेवून नुकतेच आडवे झाले होते. मास्तरीणबाईंनी दार उघडलं. त्याने न सांगता बूट काढले आणि प्यायला पाणी मागितलं, म्हणून त्याला आत बसवलं. मास्तर डोळे चोळत बाहेर आले. माणूस उंच, किडकिडीत. टायचं टोक कशात बुडू नये म्हणून त्याने ते शर्टाच्या खिशात खोचलं होतं.

“पाण्याची मोफत तपासणी आहे सर. सरकारी मोहीम.”

“सरकारी?”

“सरकारीसारखीच.”

मास्तरांची झोप उडाली. असं गिऱ्हाईक बरेच दिवसांत आलं नव्हतं.

टायवाल्याने टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात बरोबर आणलेलं, मशीनमधलं. मग पेटीतून एक डबी काढली. तिच्या पोटाखाली चार गज लोंबत होते, त्यांतले दोन एका ग्लासात बुडवायचे, दोन दुसऱ्यात. “आता तुमच्या पाण्यातली घाण आपोआप बाहेर येईल,” असं म्हणून त्याने बटण दाबलं.

बटण दाबायच्या आधीच मास्तरांना सगळं कळलं होतं. नववीच्या पुस्तकातला विद्युत अपघटनाचा धडा तो. गज लोखंडाचे. पाण्यातून वीज गेली की गजाचंच लोखंड सुटतं आणि ग्लासात गंजाचा गाळ साचतो. ती घाण पाण्यातली नसतेच. मशीनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, त्यातून वीज जाईना, म्हणून ते साळसूदासारखं स्वच्छ राहतं. एवढी साधी हातचलाखी. मास्तरांनी ठरवलं, आधी गाळ होऊ दे, मग याची हजेरी घेऊ. पहिलं वाक्यसुद्धा त्यांनी मनात तयार ठेवलं.

पण गाळ काही होईना. इमारतीचं पाणी मुळातच इतकं चांगलं होतं की त्यातून वीज धड जातच नव्हती. टायवाल्याने डबी हलवली, बटण पुन्हा दाबलं, वायर काढून लावली. त्याच्या कपाळावर घाम आला. दोन्ही ग्लास सारखेच नितळ.

“आमचं पाणी बरं दिसतंय,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

गोष्ट इथेच संपायची. कुठल्याही शहाण्या माणसाने त्याला दार दाखवलं असतं आणि पुन्हा जाऊन ताणून दिली असती. पण मास्तरांनी आयुष्यभर प्रात्यक्षिकाच्या परीक्षा घेतल्या होत्या. डोळ्यांदेखत प्रयोग बिघडतोय आणि आपण गप्प बसायचं, हे त्यांना मुळीच जमेना. त्यांचे हात शिवशिवायला लागले.

“गज लांब करा,” ते म्हणाले.

“काय सर?”

“एकमेकांना टेकलेत ते. लांब करा. आणि एवढंसं पाणी कशाला? गज निम्मे तरी बुडायला हवेत. अगं, जरा मीठ आण.”

“मीठ कशाला?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“आण तर.”

मास्तरांनी नळाच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, चमच्याने ढवळलं आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग वर असा काही घट्ट चिखल तरंगायला लागला की मास्तरीणबाईंनी तोंडाला पदर लावला. टायवाला आ वासून बघत राहिला.

“सर, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही,” तो म्हणाला.

या वाक्याने घात केला. मास्तरांच्या वर्गातून हजारो मुलं पुढे गेली, पण हे कोणी म्हणालं नव्हतं. शिकवूनसुद्धा शिकवलं नाही म्हणणारे मात्र दरवर्षी पालकांना घेऊन येत. मास्तरांनी टायवाल्याला खुर्ची पुढे ओढायला लावली आणि सगळा धडा पहिल्यापासून समजावून सांगितला. हे गज गंजतात, पाणी नव्हे. मीठ टाकलं की वीज झपाट्याने जाते. तुझं मशीन यात काहीएक करत नाही, ही शुद्ध फसवणूक आहे. टायवाला प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. “बरोबर आहे सर. चुकीचंच आहे सर.” फसवणूक करणारा माणूस इतक्या नम्रपणे पश्चात्ताप करताना मास्तरांनी प्रथमच पाहिला. त्याच्यासाठी दुसऱ्यांदा चहा झाला. निघताना त्याने विचारलं, “सर, आठवण म्हणून एक फोटो काढू?” मास्तर तो तपकिरी ग्लास हातात धरून, प्रयोगशाळेत उभे राहावं तसे गंभीरपणे उभे राहिले.

मशीन अर्थातच घेतलं नाही. त्या दुपारी मास्तरांना छान झोप लागली.

पुढच्या आठवड्यात जिन्यात समोरचे विमावाले भेटले आणि त्यांनी मास्तरांचा हातच हातात घेतला. “मास्तर, तुमच्यामुळे डोळे उघडले हो. इतकी वर्षं आम्ही चिखल पीत होतो.” विमावाले स्वतः जन्मभर लोकांना मरणाची भीती घालून विमे विकत आलेले. अशा माणसाचे डोळे सहजासहजी उघडत नाहीत.

हळूहळू सगळं बाहेर आलं. टायवाला मास्तरांच्या घरून निघाला तो खाली रस्त्यावर गेलाच नाही. त्याने एकेक दार वाजवलं आणि दारातच मोबाइल पुढे धरला. फोटोत ग्लास, ग्लासात चिखल आणि चिखलाकडे गंभीरपणे बघणारे मास्तर. वरच्या मास्तरांनी स्वतः तपासलंय, मीठ टाकायचं त्यांनीच सांगितलं, मीठ पाण्यातली घाण ओढून वर काढतं. मग मीठ, गज, बटण, चिखल. गज लांब, निम्मे बुडवलेले. एकाही घरी प्रयोग फसला नाही. कोणी विचारलंच की मास्तरांनी स्वतः मशीन घेतलं का, तर तो सांगे, “त्यांना मोठं हवंय. मागवलंय.”

“मोठं मागवलंय आपण?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“नाही गं.”

“मग त्याला तेव्हाच घालवायचं होतंत. मीठ कशाला मागितलंत?”

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

खरं काय ते सगळ्यांना सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं आणि विमावाल्यांपासूनच सुरुवात केली. विमावाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मास्तर, आता घेऊन झालंय. आता हे आम्हाला सांगू नका.” इमारतीचे सेक्रेटरी जरा रागावले. “फोटोत तर तुम्हीच दिसताय. तेव्हा एक आणि आता एक, असं कसं चालेल?” शिवाय त्यांनी बाजूला घेऊन एक सल्ला दिला, तुमचं मोठं मशीन आलं की तुमचंच खरं होईल, तोवर गप्प बसा. तिसऱ्या घरी मास्तर गेलेच नाहीत.

पुढे मशीनं बिघडायला लागली. एक शिट्टी वाजवायचं. एकातून पाणी थेंब थेंब यायचं आणि तीन बादल्या मोरीत वाहून जायच्या. जो तो मास्तरांच्या दारात. “मास्तर, तुमच्या मशीनचा लाल दिवा जात नाही.” माझं मशीन नाही, असं मास्तर सांगत आणि पाना घेऊन खाली जात. जावंच लागे. विज्ञान शिकवलेल्या माणसाला शिट्टी बंद करता येत नाही, हे कोणाला पटण्यासारखं नव्हतं. एरवी विक्रेत्यांना पिटाळणारे मास्तर आता घंटा वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायला लागले.

एके सकाळी तळमजल्यावरच्या काकू आल्या. सगळी इमारत त्यांना काकू म्हणे आणि वयाने थोरले असूनही मास्तरही काकूच म्हणत. एकट्या राहत, शिवणकाम करून चार पैसे मिळवत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. हल्ली सुईत दोरा ओवायला त्या मास्तरीणबाईंकडे वर येत.

“मास्तर, मशीन घरघर करतंय, ते ठीक आहे ना?”

“तुम्हीसुद्धा घेतलंत काकू?” मास्तर खुर्चीत बसले.

“घेतलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवले होते, तेच दिले. तो म्हणाला, घाण पाण्याने डोळे आणखी जातात, आधी पाणी सुधारा. मला ते काही पटलं नव्हतं हो. पण म्हटलं, मास्तरांनी बघितलंय. डॉक्टरांना कळवलं, पुढच्या वर्षी बघू.”

त्या तक्रार करायला आल्याच नव्हत्या. मशीन घरघर करतं ते बरोबर आहे, एवढं मास्तरांच्या तोंडून ऐकायला आल्या होत्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. विमावाल्यांचं काही नाही, त्यांनी जन्मभर लोकांना दिलं ते त्यांना परत मिळालं. पण ही बाई आपल्या शब्दावर डोळे गहाण टाकून बसली होती. तिचे पैसे परत आणल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

त्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून एका बाईने गोड आवाजात ग्राहक क्रमांक विचारला. मास्तर ग्राहक नव्हते. “मग सर, आपण ग्राहक झाल्यावर तक्रार नोंदवता येईल. घरी माणूस पाठवू का?” मास्तरांनी फोन ठेवला.

मग ते ग्राहकांच्या तक्रारी घेतात त्या कचेरीत गेले. तिथला कारकून भला होता, तीच अडचण होती.

“मशीन तुम्ही घेतलंय?”

“नाही.”

“मग तुमची तक्रार काय?”

“माझा फोटो दाखवून विकलंय.”

“फोटो जबरदस्तीने काढला?”

“नाही. मी उभा राहिलो.”

एव्हाना फिरत फिरत मास्तरांच्याही मोबाइलवर आलेला तो फोटो कारकुनाने मोठा करून बघितला. “छान आलाय,” तो म्हणाला. मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणाला, “तरीच म्हटलं, कुठेतरी पाहिलंय. तुम्ही ते मीठवाले मास्तर ना? आमच्या साहेबांनी तुमच्यामुळेच घेतलं.” आतल्या खोलीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती. तक्रार काकूंनी करावी, असा त्याने सल्ला दिला आणि त्यासाठी लागणारे कागद सांगितले. ते जमवायचे तर काकूंना आणखी एक मोतीबिंदू झाला असता.

शेवटी मास्तर मशीन पिशवीत घालून, काकूंना बरोबर घेऊन, बसने कंपनीच्या शाखेत गेले. शाखा टायरच्या दुकानावर होती. जिना चढता चढता वरून आवाज आला, “गज लांब. निम्मे बुडवा. मग मीठ. किती?” आणि बऱ्याच तोंडांनी एकदम उत्तर दिलं, “चिमूटभर.”

मास्तर दारातच थांबले. आत हॉलमध्ये खुर्च्या मांडून नवे विक्रेते बसले होते आणि फळ्याजवळ टायवाला उभा होता. त्याला बढती मिळाली होती. आता तो शिकवत होता आणि वाईट याचं की चांगलं शिकवत होता. भिंतीवर मास्तरांचा फोटो, भलामोठा, चौकटीत. टायवाल्याचं लक्ष गेलं. “उभे राहा सगळे. सर आलेत.” सगळा वर्ग खडखड उभा राहिला. इतक्या झटकन मास्तरांसाठी वर्ग कधी उभा राहिला नव्हता. त्यांना एक क्षण बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच स्वतःचीच शरम वाटली.

शाखेच्या साहेबांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. विकलेला माल परत घेत नाही, असा नियम होता. तो त्यांनी अगदी प्रेमाने सांगितला. मग थोडं थांबून म्हणाले, “पण सर, तुमच्यासाठी करू. आजीबाईंचे पैसे आत्ता, रोख. तुम्ही फक्त आमच्या लोकांना एक तास शिकवायचं.”

“ही फसवणूक आहे,” मास्तर म्हणाले.

“तेच शिकवा ना. आमची हरकत नाही.”

मास्तरांच्या मनात आलं, उठावं, पिशवी उचलावी आणि मानाने चालू लागावं. त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. काकू शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि कंपनीचं चकचकीत पत्रक नाकाला टेकवून वाचायचा प्रयत्न करत होत्या. पत्रक उलटं होतं. मान वगैरे मास्तरांच्या डोक्यातून निघून गेला.

“खडू कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मात्र एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली. शिकवायचं ते खरं शिकवायचं, एका तासात यांचा धंदा बुडवायचा. आणि मास्तर शिकवायला लागले. इतका जीव ओतून ते शाळेतही कधी शिकवत नसत. त्यांनी मशीनच्याच पाण्यात मीठ टाकलं आणि बटण दाबलं. ते शुद्ध, महागडं पाणी नळाच्या पाण्याइतकंच तपकिरी झालं. वर्गात कुजबुज झाली. मग त्यांनी लोखंडी गज काढून त्यांच्या जागी पेन्सिलींची शिसं लावली, तेच मीठ, तेच पाणी. नुसते बुडबुडे आले, पाणी नितळ राहिलं. “म्हणजे घाण होती कुठे?” त्यांनी विचारलं. “पाण्यात होती का?”

“नाही सर,” वर्ग म्हणाला.

“मग कशात होती?”

“गजात सर.”

“मग आपण लोकांना काय सांगतोय?”

वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. मास्तरांना वाटलं, बसला घाव. पुढच्या रांगेतल्या, मांडीवर पर्स ठेवून बसलेल्या एका बाईंनी हात वर केला. शांत, विचारी चेहरा. असा चेहरा वर्गात एक जरी असला तरी शिक्षकाच्या कष्टांचं चीज होतं.

“सर, म्हणजे गिऱ्हाइकाने दुसऱ्या ग्लासात मीठ टाकायच्या आत आपण तो ग्लास उचलून घ्यायचा, बरोबर ना?”

“आणि घरात पेन्सिली दिसल्या तर?” मागून कोणीतरी विचारलं.

टायवाल्याने दोन्ही गोष्टी फळ्यावर लिहून घेतल्या.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. हात झटकले. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं, पेपरांचा गठ्ठा तपासून उठल्यावर वाटतं तसं. बाकी साहेबांनी दिलेला शब्द पाळला. काकूंचे पैसे पाकिटात घालून दिले, मशीन ठेवून घेतलं आणि दर महिन्याला एक तास यायचं आमंत्रणही दिलं.

बसथांब्यावर दोघं बाकावर टेकली. काकूंनी पाकीट ब्लाउजमध्ये खोचलं, वरून पदर नीट केला आणि म्हणाल्या, “किती छान शिकवता हो मास्तर. खरं सांगू? ऐकता ऐकता मला वाटायला लागलं, मशीन परत करूच नये.”

“काकू, मी तासभर हेच सांगत होतो की ते मशीन म्हणजे फसवणूक आहे.”

“असेल. मला तिथलं काही दिसत नव्हतं. पण तुम्ही इतकं मनापासून सांगत होतात.”

मास्तरांनी डोळे मिटले. मग उघडले आणि काकूंकडे वळून, हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर. आणि काकू, यापुढे कोणी माझं नाव सांगितलं, माझा फोटो दाखवला, तर विश्वास ठेवायचा नाही. मी स्वतः दारात येऊन सांगितलं तरी ठेवायचा नाही.”

समोरून एक बस आली आणि गेली. ती त्यांची नव्हती.

“बरं,” काकू म्हणाल्या. “मग कोणावर ठेवायचा?”

टायवाला, विमावाले, सेक्रेटरी, फोनवरची गोड बाई, कारकून, त्याचे साहेब, असे सगळे मास्तरांनी मनातल्या मनात एकेक करून चाचपून पाहिले.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

काकूंनी मान डोलवली. मास्तरांनीच सांगितलं म्हटल्यावर त्यांना ते लगेच पटलं.